अर्ध्या पंखाचा उपयोग काय?

दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं आम्ही फराळास गेलों होतों. मंडळी सगळी शिकलेली. कोणी वकील, कोणी डॉक्टर, दोघेतिघे आमच्यासारखे मास्तरकीवर पोट भरणारे. बोलणें पावसावरून राजकारणावर व राजकारणावरून मुलांच्या अभ्यासक्रमावर आलें. तेथें डार्विनचें नांव निघतांच आमचे यजमान, हे निवृत्त इंजिनीयर असून वाचनाचे मोठे भोक्ते आहेत, हातांत चकलीचा तुकडा तसाच धरून आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुमची उत्क्रांति खरी धरली तर पक्ष्याला पंख कांहीं एका रात्रींत फुटले नसतील. मग मधल्या काळांत त्या अर्ध्या पंखाचा उपयोग काय? त्यानें उडतां येणार नाहीं, आणि धांवतांना तर त्याची अडचणच! असलें लोढणें गळ्यांत घेऊन फिरणारा प्राणी तगला कसा?" मंडळींत हंशा पिकला. आम्हीं उत्तर दिलें. परंतु फराळाच्या ताटावर जेवढें उत्तर देतां येतें तेवढेंच तें होतें, आणि यजमानांचें समाधान झालें नाहीं हें त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें. त्या दिवशीं अपुरें राहिलें तें पुरें करावें, आणि या प्रश्नाच्या आडून जें एक दुखणें आपल्या शिक्षणांत शिरलें आहे त्याविषयीं दोन शब्द स्पष्ट बोलावे, एवढ्यासाठीं हा लेख.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं प्रश्न चांगला आहे. तो नवा मात्र नाहीं. सेंट जॉर्ज मायव्हर्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८७१ सालींच नेमक्या याच ठिकाणीं डार्विनला पेंचांत धरलें होतें. पुरा अवयव उपयोगी असतो हें खरें, पण त्याची सुरुवात कशाच्या बळावर टिकते, असा त्याचा सवाल होता. आणि डार्विनला १८७२ च्या सहाव्या आवृत्तींत या आक्षेपांसाठीं एक नवें प्रकरण घालावें लागलें. तेव्हां आमची तक्रार प्रश्नाविषयीं नाहीं. प्रश्न टाकून, टाळी घेऊन, उत्तर येण्याच्या आधींच पान खावयास उठून जाणाऱ्यांविषयीं आहे. आणि त्याहून अधिक, ज्या पुस्तकांत या प्रश्नाचें उत्तर छापलेलें होतें त्या पुस्तकांतून तें काढून टाकणाऱ्यांविषयीं आहे.

होय, उत्तर छापलेलें होतें. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत आनुवंशिकता व उत्क्रांति या विषयांवर मिळून एक प्रकरण असे. गुंतागुंतीचा अवयव टप्प्याटप्प्यानें कसा घडतो हें सांगतांना त्यांत डोळ्याचें उदाहरण होतें, रानकोबीपासून माणसानें निपजविलेल्या भाज्यांचें होतें, आणि पिसाचेंही होतें. पिसें आरंभीं थंडीपासून बचावासाठीं आलीं असावींत व पुढें उडण्याच्या कामीं लागलीं असावींत, कांहीं डायनोसॉरांना पिसें होतीं पण उडतां येत नव्हतें, एवढी गोष्ट तेथें पंधरा वर्षांच्या मुलाला समजेल अशा चार ओळींत सांगितली होती. २०२३ सालीं जें पुस्तक मुलांच्या हातीं आलें त्यांतील प्रकरणाच्या मथळ्यांत 'आनुवंशिकता' एवढाच शब्द उरला. उत्क्रांति गेली, जीवाश्म गेले, डार्विनचा परिचय गेला, आणि त्याबरोबर तें पीसही गेलें. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनीं व शिक्षकांनीं एप्रिल २०२३ मध्यें सह्या करून याचा निषेध केला. उत्तर मिळालें तें असें कीं महामारीमुळें मुलांवरील ओझें कमी करावयाचें होतें, आणि विषय बारावीच्या जीवशास्त्रांत आहेच. बारावीला जीवशास्त्र घेणारीं मुलें किती आणि दहावीनंतर विज्ञानाला कायमचा रामराम ठोकणारीं किती, याचा हिशेब करावयास गणिताच्या प्रोफेसराची गरज नाहीं.

ओझें हलकें करण्यास आमचा विरोध नाहीं. परंतु ओझें उतरवितांना हमाल कोणती वस्तु आधीं खालीं टाकतो यावरून त्याला तिची किंमत काय वाटते हें कळतें. आणि येथें संशयास जागा आहे. कारण त्याच्या पांच वर्षें आधीं, जानेवारी १९१८ मध्यें नव्हे, जानेवारी २०१८ मध्यें, आपल्याच महाराष्ट्रांत औरंगाबादेस (आतां छत्रपति संभाजीनगर) तत्कालीन केंद्रीय शिक्षणखात्याच्या एका राज्यमंत्र्यांनीं डार्विनचा सिद्धांत शास्त्रदृष्ट्या चुकीचा असून तो शाळाकॉलेजांतून बदलला पाहिजे असें जाहीरपणें सांगितलें होतें. माकडाचा माणूस होतांना आपल्या पूर्वजांपैकीं कोणी पाहिल्याचें लिहून ठेवलेलें नाहीं, हा त्यांचा पुरावा! देशांतील तिन्ही विज्ञान अकादमींनीं एकत्र येऊन त्याचें खंडन केलें. पण 'कोणी पाहिलें?' हा सवाल मंत्र्यांबरोबर संपला नाहीं. तो दिवाणखान्यादिवाणखान्यांतून अजून ऐकूं येतो.

कोणी पाहिलें? शिवाजीमहाराजांना आपल्यापैकीं कोणी पाहिलें आहे? तरी राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जीं दप्तरें उजेडांत आणलीं त्यांवरून आपण इतिहास मानतों, आणि कागद बनावट निघाला तर तोही दुसऱ्या कागदांवरूनच ओळखतों. कोणा कुळकर्ण्याच्या माळ्यावरील वाळवी लागलेल्या मोडी रुमालावर जो विश्वास ठेवतो त्यानें दगडाच्या रुमालांवर ठेवूं नये, याला कारण काय? ही दोन्हीं दप्तरें वाचावयाची रीत एकच आहे. अक्षर लावावें, थर लावावा, काळ ठरवावा, एका कागदाची साक्ष दुसऱ्याशीं ताडून पाहावी. पक्ष्यांच्या बाबतींत हें दप्तर कसें हातीं आलें तें आतां पाहूं.

जर्मनींत बव्हेरिया प्रांतांत सोल्नहोफेन म्हणून गांव आहे. तेथें चुन्याचा असा कांहीं तलम दगड निघतो कीं त्याला तोड नाहीं. शिळाछापाच्या जुन्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांना या जातीच्या दगडाचें काम परिचित आहे. छपाईसाठीं जगभर नांवाजलेला दगड तो हाच. उथळ, निवांत खाजणाच्या तळाशीं सुमारें पंधरा कोटी वर्षांपूर्वीं बसलेला हा गाळ इतका बारीक आहे कीं जो दगड शाईची केसाएवढी रेघ उमटवितो त्यानेंच पिसाची प्रत्येक रेघ आधीं जपून ठेवली होती. या खाणींतून एका पिसाचा ठसा निघाला, त्याचें वर्णन १८६१ सालीं हेर्मान फॉन मायर यानें प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षीं पिसांसकट एक सांगाडाही मिळाला. 'आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका' हें त्याचें नांव. पहिल्या पदाचा अर्थ प्राचीन पंख, आणि दुसरें पद त्या छापण्याच्या दगडावरून आलेलें. डार्विनचा ग्रंथ निघून दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

सांगाडा हेबरलाइन नांवाच्या डॉक्टराच्या हातीं पडला, आणि त्यानें आपल्या संग्रहासह तो १८६२ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला सातशें पौंडांस विकला. म्यूनिकमध्यें आंद्रेआस वाग्नर नांवाचे एक वृद्ध प्राध्यापक होते. त्यांनीं दगड प्रत्यक्ष न पाहतांच, ऐकीव वर्णनावरून, हा पक्षी नसून एक चमत्कारिक सरडा आहे असें जाहीर केलें आणि डार्विनवाले याचा दुरुपयोग करतील म्हणून आधींच इशारा देऊन ठेवला. न पाहतां निकाल देण्याची ही परंपरा किती जुनी आहे हें वाचकांच्या ध्यानांत यावें म्हणून हें सांगितलें.

आणि त्या प्राण्यांत पाहण्यासारखें होतें काय? पंख होते, पिसें आजच्या पक्ष्यासारखीं. पण शेपटी सरड्यासारखी लांब हाडांची. पंखाच्या कडेला तीन सुटीं बोटें, त्यांना नखें. आणि पुढें बर्लिनला गेलेल्या दुसऱ्या नमुन्यांत डोकें शाबूत मिळालें तेव्हां जबड्यांत दांत. आमच्या संस्कृतांत 'द्विज' या एकाच शब्दानें पक्ष्याचाही बोध होतो आणि दांताचाही होतो. कोशांत शेजारीं बसणारे हे दोन द्विज एकाच तोंडांत नांदतांना येथें प्रथम दिसले.

थॉमस हक्स्ली यानें १८६८ सालीं हें सूत्र उचललें. पक्ष्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक शोधावयाचे तर ते डायनोसॉरांत शोधले पाहिजेत, असें त्यानें मुख्यतः मागच्या पायांच्या व कमरेच्या हाडांवरून सांगितलें. त्या वेळीं पिसें असलेला एकही डायनोसॉर कोणास ठाऊक नव्हता. म्हणजे अंदाज आधीं आणि पुरावा मागाहून. हा क्रम वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण 'हे लोक हाडें सांपडलीं कीं त्यांना जुळेल अशी गोष्ट रचतात' हा आरोप पुष्कळदां ऐकूं येतो.

परंतु शास्त्रज्ञ चुकतच नाहींत असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. उलट या प्रकरणांतील सर्वांत बोधक भाग त्यांच्या चुकांचाच आहे. गेरहार्ड हाइलमान हा डेन्मार्कमधील चित्रकार. त्याचा पक्ष्यांच्या उगमावरील ग्रंथ १९२६ सालीं इंग्रजींत निघाला आणि पुढें चाळीस वर्षें त्याचा शब्द प्रमाण मानला गेला. हाडामागून हाड तपासून त्यानें दाखविलें कीं मांसाहारी डायनोसॉर पक्ष्यांना अत्यंत जवळचे आहेत. आणि मग त्यानें तें नातें नाकारलें! कां, तर पक्ष्याच्या गळ्याखालीं जें चिमट्यासारखें दुबेळक्याचें हाड असतें तें गळपट्टीच्या हाडांचें बनतें, आणि डायनोसॉरांना तीं हाडेंच नाहींत. एकदां गेलेला अवयव पुन्हां येत नाहीं, सबब हे पूर्वज नव्हेत. युक्तिवाद निर्दोष होता. वस्तुस्थिति मात्र वेगळी होती. दोनच वर्षें आधीं वर्णन झालेल्या एका मंगोलियन डायनोसॉराच्या सांगाड्यांत तें हाड होतें, फक्त त्याला दुसरेंच नांव दिलेलें होतें; आणि आज तें टायरॅनोसॉरसपर्यंत कितीतरी जातींत ओळखलें गेलें आहे. एका हाडाच्या चुकीच्या चिठ्ठीमुळें चाळीस वर्षें एक सबंध शास्त्रशाखा आडवाटेला लागली.

ती परत आणली येल विद्यापीठाच्या जॉन ऑस्ट्रम यांनीं. १९६४ सालीं अमेरिकेंत माँटाना येथें त्यांना डायनोनिकस मिळाला. त्याचें वर्णन १९६९ सालीं निघालें. त्याच्या मनगटांत अर्धचंद्राकृति एक हाड होतें. त्या हाडामुळें हाताचा पंजा पक्षी पंख मिटतो तसा बाजूला वळतो. तशीच रचना आर्किऑप्टेरिक्सच्या मनगटांत. त्याच सुमारास आणखी एक मौज उघडकीस आली. १९५१ सालीं सांपडलेला एक लहान डायनोसॉर दोन दशकें डायनोसॉर म्हणूनच कपाटांत पडून होता. प्रकाश तिरपा पाडून पाहतां पिसांचे पुसट ठसे दिसले, आणि तो आर्किऑप्टेरिक्स निघाला. ज्यांचा जन्म हाडें ओळखण्यांत गेला त्यांनासुद्धां पिसें दिसेपर्यंत पक्षी आणि डायनोसॉर वेगळे करतां आले नाहींत! दोन भावांना शेजाऱ्यांनीं एक समजावें याहून नात्याचा मोठा पुरावा कोणता?

तरी यजमानांचा प्रश्न उरतोच. आर्किऑप्टेरिक्सला पुरीं पिसें होतीं. अर्धी कोठें आहेत?

तीं चीनमध्यें होतीं. ईशान्येकडील ल्याओनिंग प्रांतांत सुमारें साडेबारा कोटी वर्षांपूर्वीं तळीं होतीं आणि जवळच ज्वालामुखी. राखेच्या बारीक थरांत तेथील प्राणी मऊ भागांसकट दबले. १९९६ सालीं एका शेतकऱ्यानें एक दगड फोडला, त्याच्या दोन शकलांवर एकाच प्राण्याचे उलटसुलट ठसे निघाले, आणि तीं दोन शकलें त्यानें दोन वेगवेगळ्या संग्रहालयांना विकलीं. सायनोसॉरोप्टेरिक्स तो हाच. कोंबडीएवढ्या अंगाचा, लांब शेपटीचा, पंखांचा मागमूस नसलेला डायनोसॉर. आणि त्याच्या पाठीवरून शेपटीच्या टोंकापर्यंत लवेसारख्या तंतूंची किनार. दोन वर्षांत कॉडिप्टेरिक्स आला. त्याच्या हातांवर व शेपटीच्या टोंकाशीं दांडी व पातें असलेलीं खरीं पिसें आहेत, पण हात इतके आंखूड कीं उडणें शक्य नाहीं. २०१२ सालीं यूटायरॅनस आला, तीस फूट लांब, टनाहून जड, आणि अंगावर तंतुमय पिसें! असला प्राणी उडण्याच्या तयारींत होता असें कोणी म्हणणार नाहीं. २००७ सालीं व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसें रुतण्याच्या गांठी दिसल्या, आजच्या पक्ष्यांच्या हाडावर असतात तशा.

साध्या तंतूपासून पात्याच्या पिसापर्यंतच्या पायऱ्या अशा रीतीनें हातीं आल्या, आणि बहुतेक पायऱ्या जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर. पिसें हीं उडण्यासाठीं आलींच नाहींत. ऊब हा त्यांचा एक उपयोग. दिमाख हा दुसरा. २०१० सालीं पिसांतील रंगकणांचे आकार सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून सायनोसॉरोप्टेरिक्सची शेपटी तांबूस व फिकट पट्ट्यांची होती असें ठरविण्यांत आलें. मोराच्या पिसाऱ्याकडे पाहून 'याचा उडण्यास उपयोग काय' असें आपण विचारीत नाहीं. लांडोरीला विचारा म्हणून सोडून देतों.

आणि तिसरा उपयोग. १९२३ सालीं मंगोलियांत अमेरिकन मोहिमेला एक डायनोसॉर अंड्यांच्या ढिगावर मेलेला मिळाला. अंडीं दुसऱ्या जातीचीं, हा तीं खावयास आला असतां मेला, अशी समजूत होऊन त्याला ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडेचोर, असें नांव पडलें. नांव ठेवणाऱ्या ऑस्बर्ननें तेव्हांच शंका नोंदवून ठेवली होती. पण एकदां चोर म्हटलें कीं लोक शंका कोठें वाचतात! सत्तर वर्षें हा कलंक राहिला. मग १९९३ सालीं मंगोलियांतच तसल्याच एका अंड्यांत पिलाचा सांगाडा सांपडला, आणि तो याच कुळांतला निघाला. तेथेंच एक सबंध प्राणी अंड्यांच्या वर्तुळावर मधोमध बसलेला, दोन्ही हात दोहों बाजूंस पसरून अंडीं कवेंत घेतलेला, असा वाळूखालीं गाडला गेलेला मिळाला. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या चोर म्हटलें त्याची जात आईबापांची निघाली. या नव्या जातीला पुढें 'चितिपति' हें मूळ संस्कृत नांव मिळालें. त्याच्या जवळच्या नातेवाइकांच्या हातांवर पिसें होतीं हें आपण वर पाहिलें. तशा हातांनीं अंडीं झांकलीं तर जो पंख उडवीत नाहीं तो काय कामाचा, हें खुराड्यांत हात घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीस विचारावें.

एवढ्यावरही आमचे इंजिनीयर स्नेही म्हणतील कीं हीं पिसें झालीं. पंखाची फडफड कोठून आली? याचें एक उत्तर आमच्या ओळखीच्या पक्ष्यानें दिलें आहे. संस्कृत व मराठी कवींनीं ज्याला पिढ्यान्‌पिढ्या चांदणें पाजलें तो चकोर! इंग्रजींत या तित्तिरकुळांतील पक्ष्यास 'चुकार' म्हणतात, तें आपल्याच शब्दाचें रूप. अमेरिकेंत माँटाना विद्यापीठाचे केनेथ डायल यांनीं चकोराचीं पिलें पाळून, त्यांना उतरत्या फळ्यांवर धांवावयास लावून, २००३ सालीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. पिलांना उडतां येत नाहीं. पंख खरोखरच अर्धे. पण खडा चढ आला कीं तीं तेच अर्धे पंख जोरानें मारतात, आणि ती फडफड त्यांना वर उचलण्यापेक्षां फळीकडे दाबते, म्हणजे पायांची पकड घट्ट होते. पंखांचीं पिसें कातरलीं तर तोच चढ त्यांना जमत नाहीं. डायनोसॉर असेच उडावयास शिकले असें यावरून सिद्ध होत नाहीं, आणि तसें आम्ही म्हणतही नाहीं. झाडावरून खालीं कीं जमिनीवरून वर, हा वाद पंडितांत चालूं आहे, आणि हातापायांस मिळून चार पंख असलेल्या मायक्रोरॅप्टरनें तो अधिकच रंगविला आहे. पण प्रश्न 'अर्ध्या पंखाचा उपयोग काय' असा होता. त्याचा उपयोग आज, आतां, डोळ्यांदेखत होत आहे.

आतां दुसऱ्या बाजूचें सर्वांत भक्कम हत्यार आम्ही आपण होऊन पुढें ठेवतों. १९९९ च्या नोव्हेंबरांत एका जगप्रसिद्ध अमेरिकन सचित्र मासिकानें 'आर्किओरॅप्टर' म्हणून एक जीवाश्म वाजतगाजत प्रसिद्ध केला. अंग पक्ष्याचें, शेपटी डायनोसॉरची. हरवलेला दुवा सांपडला म्हणून डंका पिटला गेला. आणि तो बनावट निघाला! चिनी विक्रेत्यांच्या हातांतून जातां जातां दोन भिन्न प्राण्यांचे तुकडे सांधून तो तयार झाला होता आणि अमेरिकेंत ऐंशी हजार डॉलरांस विकला गेला होता. विरोधक हें प्रकरण तोंडपाठ सांगतात. मात्र तें उघडकीस कोणीं आणलें हें सांगावयाचें विसरतात. शू शिंग या चिनी संशोधकानें, त्याच शेपटीचें दुसरें शकल दुसऱ्याच प्राण्याला जोडलेलें पाहून, तें मासिक निघाल्यावर दोन महिन्यांच्या आंत. त्यापूर्वींच दोन अग्रगण्य शास्त्रीय नियतकालिकांनीं तो लेख परत केला होता. बनावट सनद ओळखणारा इतिहासकारच असतो. म्हणून कोणी इतिहास खोटा म्हणत नाहीं.

या फजितीचें मूळ आमच्या मतें त्या 'हरवलेला दुवा' या शब्दांत आहे. शब्द सुटसुटीत म्हणून आपल्या बाजूच्या लोकांनींच तो प्रचारांत आणला आणि घात करून घेतला. दुवा म्हटला कीं सांखळी आली. सांखळी म्हटली कीं एक कडी नसली तरी ती तुटली. आणि एक नवी कडी मिळाली कीं तिच्या दोन बाजूंना दोन नव्या फटी पडल्या, असें म्हणावयास विरोधक मोकळा! वस्तुतः ही सांखळी नसून वंशवृक्ष आहे, आणि त्यांत काका पुतण्याच्या मागें जगतो. ल्याओनिंगचे प्राणी आर्किऑप्टेरिक्सच्या नंतरचे, मग ते पूर्वज कसे, असा आक्षेप कांहीं वर्षें गाजला. २००९ सालीं त्याहून जुन्या, सुमारें सोळा कोटी वर्षांपूर्वींच्या थरांतून सपिस अँकिऑर्निस पुढें आला. पण तो मिळाला नसता तरी आक्षेप लंगडाच होता. मधले सगळे प्राणी कां मिळत नाहींत, याला तर फार शोधावयास नको. आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा लाव्हा. विदर्भांत पिसदुऱ्याच्या बाजूस जुन्या थरांतून डायनोसॉरांचीं हाडें मिळतात. परंतु पिसाचा ठसा घेणारा सोल्नहोफेनसारखा तलम दगड सगळ्यांच्या नशिबीं नसतो.

आमच्या पक्षाचा दुसरा दोष याहून वाईट आहे. प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवून नाकानें कांदे सोलण्याची जी खोड आम्हां इंग्रजी शिकलेल्यांना लागली आहे तिनें या शास्त्राचे जितके वैरी केले तितके कोणत्याही मंत्र्यानें केले नसतील. आणि तिसरा एक वर्ग आहे, तो आमचा मित्र म्हणवितो: 'हें सारें आमच्या दशावतारांत आहेच; मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, झाली कीं नाहीं उत्क्रांति?' आम्ही दशावतारांना हात जोडतों, आणि म्हणूनच त्यांना हजिरीच्या कामाला जुंपूं नये असें म्हणतों. त्या यादींत पक्षी नाहींच. गरुड आहे, पण तो वाहन आहे. आणि वाहनाला अवतार करावयाचा अधिकार आमच्या या मित्रांस कोणीं दिला? जें पुराणांचें आहे तें पुराणांत शोभतें. त्याची साक्ष दगडाच्या खटल्यांत काढली तर उद्यां उलटतपासणीही सोसावी लागेल.

राहिलें ओझ्याचें. १८९२ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें खर्चांत काटकसर करण्याची लाट आली. येलचे प्राध्यापक मार्श यांनीं कॅन्सासच्या खडूच्या थरांतून निघालेल्या दांत असलेल्या प्राचीन पक्ष्यांवर एक भव्य ग्रंथ लिहिला होता. डार्विननें १८८० सालीं पत्र लिहून त्याचा गौरव केला होता. हर्बर्ट नांवाच्या प्रतिनिधीनें नेमका तोच ग्रंथ सभागृहांत नाचविला. दांतांचे पक्षी! लोकांचा कराचा पैसा असल्या गोष्टींवर! सगळें सभागृह हंसलें, भूस्तर-सर्वेक्षणाच्या जीवाश्मखात्याचा पैसा तुटला, आणि मार्शना सर्वेक्षणांतील जागा सोडावी लागली. तेथेंही प्रश्न ओझ्याचाच होता, तेथेंही पक्षीच हातीं सांपडला. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं हें खरें. हर्बर्ट गेले, आणि त्या दांतांच्या पक्ष्यांवर अजून नवे निबंध निघतात. पण कोंबडें झांकणाऱ्याच्या घरांतलीं मुलें उशिरां उठतात त्याचें काय? चीनमधील शेतकऱ्याला आपल्या शेतांतील दगडाची किंमत कळली. आमच्या मुलांना स्वतःच्या गांवच्या दगडांत काय पाहावें हें शिकवावयाचें कीं नाहीं, एवढाच आमचा सवाल आहे. दहावीच्या पुस्तकांत तें पीस परत घालावें. चार ओळी होत्या. चार ओळींनीं कोणाचा कणा मोडत नाहीं.

आमच्या स्नेह्यांचा नातू त्या दिवाळींत दहावींत होता. आजोबांचा प्रश्न त्यानें कोपऱ्यांत बसून ऐकला होता, आणि आम्ही निघतांना जिन्यापर्यंत येऊन त्यानें हळूच विचारलें, "सर, पण खरंच काय उपयोग?" त्याच्या पुस्तकांत तो भाग नव्हता. दुसऱ्या दिवशीं आमच्या कपाटांतील जुनी प्रत काढून, पान दुमडून, आम्हीं ती त्याच्याकडे पाठविली. पुढें कळलें कीं ती आजोबांनीं आधीं वाचावयास घेतली. पुस्तक अजून परत आलेलें नाहीं.